दुसरी शाखा किती शिकावी?

वाचकाचे पत्र : मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आणि गेल्या वर्षी रेणवीय जैवविज्ञानाच्या एका आंतरशाखीय पीएच.डी. कार्यक्रमात दाखल झाले. आमच्याकडे पहिल्या वर्षी तीन प्रयोगशाळांत आळीपाळीने काम करून मग त्यांतली एक निवडायची असते. पहिले रोटेशन एकेका रेणूचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळेत झाले, दुसरे पेशीपटलातल्या प्रथिनांच्या हालचालींचे संगणकावर सिम्युलेशन करणाऱ्या गटात. तिसरे पुढच्या महिन्यात जैवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे, पण ते टाळून सरळ सिम्युलेशनचा गट निवडावा असे वाटू लागले आहे, कारण तिथे माझा हात चालतो. सेमिनारमध्ये मला निम्मेच कळते. जीवशास्त्रातून आलेले सहाध्यायी जनुकांची नावे घडाघडा बोलतात आणि भौतिकशास्त्रातले जुने मित्र म्हणतात की मी आता त्यांच्यातली राहिले नाही. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी माझी गत होईल का? दोन मार्गदर्शक घेण्याची मुभा आहे, पण वरिष्ठ विद्यार्थी त्यापासून सावध करतात. मी काय करावे?

उत्तर :

तुमची भीती खोटी आहे असे सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. आंतरशाखीय शिक्षण घेऊन खरोखरच कशातच पक्के न झालेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेक जण हुशार होते, कष्टाळूही होते. त्यांचे चुकले ते एवढेच की दुसरी शाखा किती शिकायची याचे माप त्यांनी चुकीचे धरले. कोणी अभ्यासक्रमांची संख्या मोजली, कोणी हाताळता येणाऱ्या उपकरणांची, तर कोणी शब्दसंग्रहाची. जनुकांची नावे तुम्हालाही दीड वर्षात पाठ होतील, त्यासाठी रात्री जागण्याची गरज नाही. मी स्वतः एकच माप मानते. त्या शाखेची सामग्री आपल्याला फसवत आहे हे दुसऱ्या कोणी न सांगता आपल्या लक्षात येते का? ज्या दिवशी येऊ लागेल त्या दिवशी ती शाखा तुमच्या कामापुरती तुमची झाली असे समजा. तोपर्यंत तुम्ही तिथल्या पाहुण्या आहात, मग परीक्षेत कितीही गुण मिळालेले असोत.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. मी रसायनशास्त्रातून या क्षेत्रात आले. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एका विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेचा वेग मोजत होते. आलेख एका घातांकी वक्रात बसत नव्हता, दोन घातांकी पदे घेतली की मात्र सुरेख बसत होता. गणित माझ्या अंगवळणी पडलेले असल्यामुळे मी त्या दोन पदांना लगेच अर्थ दिला : हे विकर दोन रूपांत वावरते, एक रूप वेगवान आणि दुसरे संथ. त्यावर मी समीकरणे मांडली, स्थिरांक काढले, तापमान बदलून पुन्हा मोजमापे घेतली. आठ महिने गेले. मग एका सकाळी आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंनी माझ्या हातातली नळी पाहून साधेपणाने विचारले, ‘ही नळी तुम्ही किती वेळा गोठवून वितळवली आहे?’ मी मोजलेले नव्हते. त्यांनी ताजे प्रथिन शुद्ध करून, छोट्या छोट्या नळ्यांत वाटून, प्रत्येक नळी एकदाच वापरायची या अटीवर मला दिले, आणि ते दुसरे पद नाहीसे झाले. माझे संथ रूप म्हणजे वारंवार गोठवल्या-वितळवल्यामुळे बिघडलेला प्रथिनाचा अंश होता. गणितात काहीच चूक नव्हती, मिश्रणाचे वर्णन ते अगदी नेमके करत होते. नळीत मिश्रण आहे हेच मला ठाऊक नव्हते.

त्या बाईंकडे पीएच.डी. नव्हती. तरीही माझ्या मापाने त्या दिवशी जैवरसायनशास्त्र त्यांना येत होते आणि मला येत नव्हते.

उलट दिशेनेही हेच घडते. जीवशास्त्रातून आलेला विद्यार्थी तीन बशांतल्या प्रत्येकी शंभर पेशी मोजतो आणि नमुन्याची संख्या ३०० आहे असे धरून चाचणी लावतो. एका बशीतल्या पेशींनी एकच माध्यम, एकच इन्क्युबेटर आणि हाताळणीतली एकच चूक वाटून घेतलेली असते. त्यामुळे खरोखर स्वतंत्र अशा निरीक्षणांची संख्या तीनच, किंबहुना तिन्ही बशा एकाच दिवशी एकाच साठ्यातून भरल्या असतील तर एकच असते. संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर हे सांगत नाही. ते दिलेले आकडे घेते आणि तारकांकित, म्हणजे ‘लक्षणीय’ ठरवलेला, निष्कर्ष परत करते. संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी १९३८ मध्येच बजावले होते की प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणे म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगण्यासारखे आहे. तुमच्या सहाध्यायांना जनुकांची नावे येतात आणि तुम्हाला विचलन (व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) म्हणजे काय ते येते, तेव्हा देवाणघेवाणीसाठी तुमचे हात मुळीच रिकामे नाहीत.

दोन शाखा खऱ्या अर्थाने एकत्र आल्याचे उदाहरण मागितले तर मी नेहमी साल्वाडोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांच्या १९४३ च्या प्रयोगाकडे जाते. लुरिया वैद्यकशास्त्र शिकलेले, डेलब्रुक सैद्धांतिक भौतिकशास्त्रातून आलेले. प्रश्न निव्वळ जीवशास्त्राचा होता : जिवाणूंवर विषाणू सोडल्यावर काही जिवाणू तगतात, तर त्यांची प्रतिकारशक्ती विषाणूशी गाठ पडल्यामुळे निर्माण होते, की तो बदल आधीच, वाढीच्या काळात, आपोआप घडून गेलेला असतो? उत्तर शोधण्याची वाट मात्र संख्याशास्त्रातून जात होती. विषाणूमुळे बदल होत असेल, तर वेगवेगळ्या नळ्यांत स्वतंत्रपणे वाढवलेल्या जिवाणूंत तगणाऱ्यांची संख्या साधारण सारखी यावी आणि तिचे विचलन सरासरीच्या जवळपास असावे. बदल आधी घडत असेल, तर ज्या नळीत तो लवकर घडला तिथे त्याची संतती वाढत गेलेली असणार, आणि नळीनळीत प्रचंड फरक दिसणार. तसेच दिसले. अनेक नळ्यांत एकही वसाहत उगवली नाही, एखादीत शंभरावर उगवल्या.

या प्रयोगाचे कौतुक करताना बहुतेक जण इथेच थांबतात, पण मला त्याचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी एकाच नळीतून अनेक नमुने घेऊन तेही मोजले, आणि तिथे विचलन सरासरीइतकेच आले. म्हणजे नळीनळीतला तो फरक मोजणाऱ्याच्या हाताचा नव्हता, तो खरोखर जिवाणूंचा होता. तो कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे मोजमाप, नसता तर सारे गणित हवेत राहिले असते. आपली सामग्री आपल्याला कुठे फसवू शकते याचा विचार प्रयोगाच्या आखणीतच केलेला होता, आणि दोन शाखांचे खरे मीलन मला तिथे दिसते.

१९४५ च्या उन्हाळ्यात डेलब्रुक यांनी अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये जिवाणूभक्षी विषाणूंवरचा अभ्यासवर्ग सुरू केला. तिथे येणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांना व्याख्याने होतीच, पण त्यांना स्वतः बशा ओतायला, विषाणूंचे विरलीकरण करायला आणि जिवाणूंच्या थरावर पडलेले डाग मोजायला लावले जाई. अणुसाखळी प्रक्रियेची कल्पना मांडणारे लिओ झिलार्ड १९४७ मध्ये, वयाच्या पन्नाशीजवळ, तिथे विद्यार्थी म्हणून बसले, आणि पुढे १९५० मध्ये आरन नोव्हिक यांच्यासोबत त्यांनी जिवाणूंची वाढ एका स्थिर वेगाने चालू ठेवणारे केमोस्टॅट हे साधन मांडले. बशा धुतल्याने त्यांचे भौतिकशास्त्र बुडाले नाही. व्यंकटरमण रामकृष्णन यांनी १९७६ मध्ये भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवली आणि त्यानंतर ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत पुन्हा जीवशास्त्राचे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. दोन वर्षे ते शिकले, दुसरी पदवी घेण्यासाठी थांबले नाहीत, आणि रायबोसोमकडे, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेकडे, वळले. २००९ चे नोबेल त्यांना रसायनशास्त्रातले मिळाले. तुमच्या मित्रांना ते त्यांच्यातले वाटतील की नाही, हा प्रश्न त्या माणसाच्या कामापुढे किती लहान आहे ते पाहा.

आता तुमच्या निवडीकडे वळू. तिसरे रोटेशन टाळू नका, हा माझा ठाम सल्ला आहे. सिम्युलेशनचा गट तुमच्यासाठी वाईट आहे म्हणून मी हे म्हणत नाही, तर तोच निवडायचा असेल तर हे रोटेशन तुम्हाला अधिकच लागेल म्हणून म्हणते. पेशीपटलातल्या प्रथिनाचे सिम्युलेशन तुम्ही सुरू करता तेव्हा हाती असलेली रचना कुठून आलेली असते याचा विचार करा. ते प्रथिन पटलातून डिटर्जंटच्या साहाय्याने बाहेर काढलेले असते. ते स्थिर राहावे म्हणून त्यातली काही अमिनो आम्ले बदललेली असू शकतात, दोन्ही टोके छाटलेली असू शकतात. २००७ मध्ये अॅड्रेनलिनला प्रतिसाद देणाऱ्या बीटा-२ अ‍ॅड्रेनर्जिक ग्राहीची स्फटिकरचना मिळवताना त्याचा पेशीच्या आतल्या बाजूचा एक लवचीक वळसा काढून तिथे टी४ लायसोझाइम हे दुसरेच प्रथिन जोडले होते. ती युक्ती विलक्षण उपयोगी ठरली, पण रचनेच्या त्या फाइलमधून काय काढायचे, काय परत बसवायचे आणि बसवलेल्यावर किती विश्वास ठेवायचा, हे ठरवणाऱ्याला प्रयोगशाळेतल्या बाकावर काय घडले होते हे ठाऊक असावे लागते.

हिस्टिडीन या अमिनो आम्लाचेच घ्या. उदासीन सामूच्या (पीएचच्या) आसपास त्याच्यावर जादा प्रोटॉन असेलही किंवा नसेलही, ते शेजारी कोण आहे यावर ठरते. पारंपरिक सिम्युलेशनमध्ये ही गोष्ट तुम्ही आरंभी एकदा ठरवता आणि मग ती शेवटपर्यंत तशीच राहते. एक पाऊल दोन फेमटोसेकंदांचे (एक फेमटोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा एक अब्जांश) धरले तर एका मायक्रोसेकंदासाठी ५० कोटी पावले लागतात. आरंभीची निवड चुकली असेल तर ती ५० कोटी पावले चुकीच्या रेणूवर खर्च होतात, आणि संगणक एकदाही तक्रार करत नाही. शिवाय अनेक विकरांचे एक आवर्तन मिलिसेकंदांत, म्हणजे त्याच्या हजारपट काळात पूर्ण होते, तेव्हा तुम्ही जे पाहिलेत ते संपूर्ण हालचालीतले किती, हा प्रश्न उरतोच. हे प्रश्न विचारण्याची सवय जैवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागते, कारण तिथे ते रोज अंगावर येतात.

म्हणून त्या आठ-दहा आठवड्यांत कोणता तरी चमकदार निष्कर्ष मिळवण्याच्या मागे लागू नका. एकच प्रथिन पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातांनी शुद्ध करा : पेशी वाढवणे, त्या फोडणे, कॉलममधून काढणे, जेलवर पाहणे आणि क्रियाशीलता मोजणे. प्रत्येक टप्प्यावर किती प्रथिन हाती उरले आणि त्याची दर मिलिग्रॅममागे क्रियाशीलता किती, याची नोंद ठेवा. कुठल्या तरी टप्प्यावर प्रथिन भरपूर असेल आणि क्रियाशीलता जवळजवळ नसेल. तो दिवस वाया गेला असे मानू नका, त्या दिवशी काय घडले याचा पिच्छा पुरवा. हे सगळे एकदा चुकेल, बहुधा दोनदा चुकेल. त्या चुकांमधून तुमच्यात जो संशय रुजेल तो पुढची अनेक वर्षे तुमच्या संगणकावरच्या कामाला उपयोगी पडेल.

ही गोष्ट उलट बाजूनेही तपासता येते. जी. एन. रामचंद्रन भौतिकशास्त्रात घडले. त्यांनी १९६३ मध्ये सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासोबत दाखवले की प्रथिनाच्या कण्यातल्या दोन कोनांच्या कोणत्या जोड्या अणू एकमेकांवर न आदळता शक्य आहेत. अणूंच्या अंतरांचा आणि भूमितीचा तो हिशेब होता. आज प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या सार्वजनिक संग्रहात दाखल होणाऱ्या प्रथिनरचनेच्या तपासणीत तो आलेख असतो आणि नियमाबाहेर पडलेली अमिनो आम्ले त्यात वेगळी दाखवली जातात. अशा जागी रचना बांधणाऱ्याची चूक असू शकते, पण कधी कधी तो विकराच्या क्रियास्थळावरचा खराखुरा ताण असतो. दोन्हींतले काय, हे मूळ प्रायोगिक पुरावा आणि त्या प्रथिनाचे रसायन दोन्ही पाहणाऱ्यालाच सांगता येते. प्रथिनाच्या रचनेचे संगणकावर भाकीत करणाऱ्या आल्फाफोल्डसारख्या साधनांनी ही गरज कमी केलेली नाही. २०२० मध्ये त्या साधनाने भाकिताच्या अचूकतेत मोठी झेप घेतली, पण त्याच्या प्रत्येक भाकितासोबत भागाभागाची विश्वासार्हता दिलेली असते, आणि कमी विश्वासार्हतेचा भाग म्हणजे साधनाची अडचण की मुळातच ठराविक आकार नसलेला प्रथिनाचा पट्टा, हे वाचणाऱ्याला जीवशास्त्र कळावे लागते.

सेमिनारमध्ये निम्मेच कळते, याबद्दल फार लिहीत नाही. ते पहिल्या वर्षी सगळ्यांचे होते, फक्त प्रत्येकाचे निम्मे वेगळे असते. एकच सूचना देते : न कळलेल्या शब्दांपेक्षा कळले असे वाटणाऱ्या शब्दांची वही ठेवा. ‘मॉडेल’ म्हटले की तुमच्या मनात समीकरणे येतात, शेजारच्या मुलीच्या मनात उंदीर किंवा यीस्ट, रचनाशास्त्रज्ञाच्या मनात अणूंचे सहनिर्देशक. ‘व्हेक्टर’ म्हणजे तुमचा सदिश, त्यांचा जनुक वाहून नेणारा प्लाझ्मिड आणि रोगप्रसाराचा अभ्यास करणाऱ्यांचा डास. अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस विचारतो. ओळखीचा शब्द वेगळ्या अर्थाने वापरला गेला तर मात्र अख्खी चर्चा होऊन जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही. मी स्वतः अशी वही तीन वर्षे ठेवली होती.

दोन मार्गदर्शकांबद्दल तुमचे वरिष्ठ सांगतात ते अनुभवाचे बोल आहेत. दोन घरचा पाहुणा उपाशी, हे पीएच.डी.लाही लागू पडते. एका प्रयोगशाळेत तुम्ही ‘गणित करून देणारी’ होता, दुसरीत ‘तिकडून आलेली’, आणि चौथ्या वर्षी लक्षात येते की दोन्हीकडचे शोधनिबंध पुढे सरकले, पण तुमचा म्हणावा असा प्रश्न कुठेच नाही. तरीही मी हा मार्ग नाकारा म्हणणार नाही, कारण तो नीट चालला तर तुमच्या दोन्ही बाजूंच्या चुका पकडणारी दोन माणसे तुम्हाला मिळतात, आणि याहून मोठी चैन संशोधक विद्यार्थ्याला नाही. दोन मार्गदर्शक घ्यायचे तर तुमचा प्रश्न असा हवा की त्यांच्यापैकी कोणाही एकाच्या प्रयोगशाळेत तो सुटू शकणार नाही. आधी सिम्युलेशनने एखादे अमिनो आम्ल निर्णायक आहे असे सांगायचे, मग ते बदलून बाकावर मोजायचे, मोजमाप भाकिताशी जुळले नाही तर सिम्युलेशनची गृहीतके बदलायची, आणि ही फेरी तुम्हीच पूर्ण करायची, अशी रचना असेल तर जरूर पुढे जा. प्रकरण १ एकाचे आणि प्रकरण २ दुसऱ्याचे, अशी वाटणी दिसत असेल तर एकच मार्गदर्शक घ्या आणि दुसऱ्यांना थिसिस कमिटीवर या अशी विनंती करा.

दोघे असतील तर महिन्यातून एकदा तिघांची भेट एकाच खोलीत व्हावी. एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचवण्याचे काम स्वतःकडे कधीही घेऊ नका, त्यात विद्यार्थीच भरडला जातो. लेखकांच्या क्रमाचेही पहिल्याच वर्षी बोलून घ्या, संकोच वाटला तरी. जीवशास्त्रात पहिले आणि शेवटचे नाव महत्त्वाचे असते, गणितात बहुधा वर्णानुक्रम चालतो, संगणकशास्त्रात परिषदेतल्या निबंधाला नियतकालिकाइतके वजन असते. प्रत्येकाला आपलीच रीत स्वाभाविक वाटत असल्याने कोणी आपण होऊन हा विषय काढत नाही.

पुढच्या वाटचालीची काळजी तुम्ही शब्दांत मांडली नसली तरी ती पत्रात जाणवते. जीवशास्त्राबाहेरच्या विषयात पीएच.डी. झालेल्यांना जीवविज्ञानाकडे वळता यावे म्हणून ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम ही आंतरराष्ट्रीय संस्था वेगळी पोस्टडॉक फेलोशिप देते, यावरून अशा माणसांची गरज किती जाणवते ते दिसेल. निवड करणाऱ्यांसमोर तुम्ही बसाल तेव्हा ते तुमच्या पदवीच्या नावावर फार वेळ घालवणार नाहीत. तुमचा एखादा निष्कर्ष कशामुळे खोटा ठरू शकला असता आणि तुम्ही ते कसे तपासले, हे विचारतील.

तिसऱ्या रोटेशननंतरही सिम्युलेशनकडेच ओढा राहिला तर निःशंक तिकडे जा. कदाचित तसे होणार नाही. आपला हात जिथे चालत नाही तिथेच प्रश्न अधिक जिवंत वाटू लागतात, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. पुढच्या महिन्यात त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना भेटाल तेव्हा त्यांच्याकडे पीएच.डी.चा विषय मागू नका. बाकावर एक जागा मागा, एक प्रथिन मागा, आणि ते प्रथिन रोज हाताळणाऱ्या व्यक्तीच्या शेजारी उभे राहण्याची परवानगी मागा, मग ती व्यक्ती प्राध्यापक असो, पाचव्या वर्षाचा विद्यार्थी असो किंवा तंत्रज्ञ.